स्वयंपाकघरातला खळगा

"ते सगळं राहू द्या बाबा. समाधी कुठंय, तेवढं सांगा!"

मुरलीधर चौघुले हे तिसऱ्यांदा विचारत होता, आणि केशरगीर बाबा तिसऱ्यांदा लसणाची पाकळी सोलत होते.

"कुणाची?" बाबांनी विचारलं.

आता काय म्हणावं या म्हाताऱ्याला! उंबरमळ्याच्या मठात येऊन माणूस दुसऱ्या कुणाची समाधी विचारणार? ज्यांनी हा मठ उभा केला, त्या निरंजनगीर महाराजांची. केशरगीर त्यांचेच चेले. महाराज गेले त्याला एकेचाळीस वर्षं झाली. गोसाव्याला जाळत नाहीत, जमिनीत बसवून समाधी देतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण महाराजांना बसवलं कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी हजर असलेले एकेक करून गेले. उरले एकटे केशरगीर बाबा, आणि ते बसले होते लसूण सोलत.

"निरंजनगीर महाराजांची, बाबा. माझ्या वडलांच्या गुरूंची."

"नाना कसा हाय?"

नाना म्हणजे मुरलीधरचे वडील. सांगलीला अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. अन्न सुटलं, बोलणं सुटत चाललं होतं, आणि जे राहिलं होतं त्यात एकच वाक्य होतं… 'महाराजांच्या समाधीवरची चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावा. मग मी जातो.'

मुरलीधरनं हे सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज फाटला, त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

बाबांनी लसणाची टरफलं गोळा केली.

"दाखवतो की समाधी."

मुरलीधर ताडकन उठला. "चला!"

"आधी स्वयंपाकघराची जमीन सपाट करून दे."

मुरलीधर बघतच राहिला. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं त्याला वाटलं.

"बाबा, तिकडं माझा बाप मरायला टेकलाय!"

"हितं अंजीरीचा पाय भाजलाय," बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

आता या मुरलीधरविषयी जरा सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. पण फरशीच्या धंद्यात त्याच्याइतका ताठा दुसऱ्या कुणाला नसेल. मंगल कार्यालयं, देवळांचे सभामंडप, दवाखाने… मुरलीधरनं घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या आधी तो स्वतः म्हणायचा. त्यात स्वच्छतेचं वेड. नानांनी लहानपणी शिकवलेलं, 'मठात शिरायचं तर पाय धुऊन.' हा गडी मठात शिरताना धुवायचाच, पण परत जाताना वाटेतल्या ओढ्यावर गाडी थांबवून पुन्हा धुवायचा, पुसायचा, मोजे चढवायचा, आणि मग सांगलीचा रस्ता धरायचा.

समाधीचं त्यानं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. नानांसाठी माती न्यायची, आणि मग त्या जागेवर असं देखणं देऊळ बांधायचं की बघणाऱ्यानं बघत राहावं. पांढरा संगमरवर, काळ्या पट्ट्या. आणि हे बाबा त्याला स्वयंपाकघरात न्यायला निघाले होते!

तो चरफडत आत गेला.

मठ म्हणजे चार खोल्या आणि एक गोठा. देवघर एवढंसं. स्वयंपाकघर मात्र ऐसपैस, कारण येईल त्याला जेवू घालायचं हीच इथली पूजा. चुलीपाशी अंजीराबाई बसली होती. सव्वीस वर्षं या मठाचा स्वयंपाक करणारी. तिच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? आमटीचं पातेलं चुलीवरनं उतरिवलं, खाली ठेवलं, आन् ते कललं की वो! हा खळगा बघा. निम्मी आमटी माझ्या पायावर, निम्मी ह्या खळग्यात."

मुरलीधरनं बघितलं. जुनी शहाबादी फरशी, आणि चुलीच्या डाव्या अंगाला ती अशी खाली बसलेली, की काय सांगावं. जणू कुणी तिथं परात दाबून ठेवली होती.

"तुमचं नाना तिथंच बसायचं जेवायला," अंजीराबाई म्हणाली. "दर गुरुवारी. मी म्हणायची, नाना, आमटी एका अंगाला जातीया, हिकडं बसा की. ऐकतील तर शपथ! ताटाखाली लाकडाची ढलपी सारायचं आन् तिथंच बसायचं. म्हणायचं, हितं बरं वाटतं."

"किती दिवस लागतील?" बाबांनी विचारलं.

मुरलीधरला खरं तर ओरडायचं होतं. पण त्याच्यातला फरशीवाला तोवर गुडघ्यावर बसून जमिनीवर हात फिरवत होता. सवय, दुसरं काय!

"टाइल्स घालायच्या आधी जमीन एका पातळीत आणायला चार दिवस. टाइल्स नंतर. पण सपाट झाली की दाखवायचं, बाबा."

"सपाट झाली की दाखवतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मुरलीधर हणमंताला घेऊन आला. हणमंता त्याचा जुना गवंडी. मठाच्या फाटकातल्या चाकोरीत पहिल्याच दिवशी मुरलीधरची गाडी रुतली होती, ती आजही रुतली. दोघांनी ढकलून काढली, आणि मुरलीधर हात झटकत, पाय धुऊन आत आला.

शहाबादी उचकटली. मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोघांनी तिची दोन टोकं दोन भिंतींना धरली. पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीला थांबतं, ते खोटं बोलत नाही. चारी भिंतींवर खुणा झाल्या, खुणांवरून सुतळ्या ताणल्या. चुलीच्या डाव्या बाजूला सुतळीपासून जमीन मोजली.

"सहा बोटं!" मुरलीधर किंचाळलाच. "हणमंता, सहा बोटं खाली आहे! ही बाई सव्वीस वर्षं उतारावर स्वयंपाक करत होती!"

कुदळ घातली. वरची माती निघाली, आणि खाली जे दिसलं ते बघून दोघंही थबकले.

माती पांढरी होती. बाहेर रखरखीत ऊन, आणि खळग्यातली माती ओली. नुसती ओली नाही, हाताला चिकटणारी. हणमंताच्या बोटाला चीर होती, तो 'आई गं' करून हात झटकायला लागला. मग त्यानं चिमूट जिभेवर ठेवली.

"मालक… मीठ हाय."

मुरलीधर तरातरा चुलीकडं गेला. चूल तात्पुरती पडवीत हलवली होती.

"अंजीराबाई, मिठाच्या बरण्या उलट्या केल्यात का तिथं?"

"मी?" अंजीराबाईचा हात कंबरेवर गेला. "मापानं मीठ घालणारी बाई मी! सव्वीस वर्षांत एकदा आमटी खारट झाली असंल तर नाव बदला माझं!"

"मग एवढं मीठ आलं कुठून?"

"मला काय विचारता? फरशीवालं तुम्ही!"

हे मात्र खरं होतं, आणि फरशीवाल्याला उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं तरी इलाज ठाऊक होता. खारी माती म्हणजे फरशीचा काळ. आज टाइल्स घाला, दोन पावसाळ्यांत लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, वर येतो आणि सगळं उचकटून टाकतो.

"काढ सगळी," तो हणमंताला म्हणाला. "पक्की जमीन लागेपर्यंत खण."

बाबा दारात येऊन उभे राहिले. कधी आले, कळलं नाही.

"किती खाली जाणार?"

"पांढरं संपेपर्यंत."

"गुडघ्याच्या खाली जाऊ नकोस."

"बाबा, धंदा माझा आहे."

"धंदा तुझा हाय. जागा माझी हाय."

आवाज चढला नव्हता. पण हणमंताची कुदळ वरच्या वर थांबली.

मुरलीधरनं मान उडवली. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? गुडघाभर खणून थांबले. पांढरं काही संपलं नव्हतं.

चाळीस घमेली माती निघाली.

"कुठं टाकू?" हणमंतानं विचारलं.

"फाटकात ती चाकोरी आहे ना, गाडी रुतते ती? तिच्यात ओत. निदान ही घाण काहीतरी कामाला येईल."

हणमंतानं ओतली. संध्याकाळी मुरलीधरची गाडी त्या मातीवरून झोकात गेली. ओढ्यावर थांबून त्यानं पाय चोळचोळून धुतले. पांढरं किटण नखांत बसलं होतं, ते काडीनं काढलं.

घरी नाना डोळे मिटून पडले होते. चाहूल लागताच डोळे उघडले.

"माती…?"

"उद्या-परवा आणतो, नाना. बाबा दाखवणार आहेत."

नानांनी त्याचा हात धरला. हातात जोर नव्हता, नुसती बोटं टेकली होती. मुरलीधर तसाच बसून राहिला.

पुढचे दोन दिवस मुरूम भरण्यात गेले. खाणीवरून चांगला तांबडा मुरूम मागवला होता. वीतभर थर द्यायचा, पाणी मारायचं, आणि धुम्मस घालायचा. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचं जड लोखंडी ठोकणं, दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर आदळायचं. थर दबला पाहिजे, नाहीतर जमीन पुन्हा बसते.

हणमंता धुम्मस घालत होता. मुरलीधरला ते पटेना.

"अरे, कागदाला खळ लावतोयस की काय? सर बाजूला!"

आणि त्यानं स्वतः धुम्मस हातात घेतला. काय हाणला, काय हाणला! तीन दिवसांचा राग होता त्यात. बापाचं दुखणं होतं, बाबांचा हट्ट होता. धप्… धप्… भिंतीवरची भांडी खुळखुळायला लागली.

मध्येच त्याची नजर दाराकडं गेली.

बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी हातात घेतलं होतं. उघडं डोकं, उघडे पाय. धुम्मस पडला की त्यांचे डोळे मिटायचे.

"आवाजाचा त्रास होतोय का, बाबा? गोठ्यात जाऊन बसा."

"न्हाई."

"मग जरा हळू घालू?"



"हळू घातलास तर जमीन बसंल का पुन्हा?"

"बसणारच."

"मग हाण."

मुरलीधरनं हाणलं. बाबा दोन्ही दिवस तिथंच उभे. जेवायलासुद्धा बसले नाहीत, आणि अंजीराबाई त्यांच्यावर दिवसभर करवादत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुरलीधरच्या बायकोचा, शैलाचा, फोन आला. "नानांनी पाणीही घेतलं नाही आज. सारखं दाराकडं बघतायत. तुम्ही तिथं काय करताय?"

काय करतोय! मुरूम ठोकतोय, असं सांगायचं? त्यानं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तो रडत होता, ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

हणमंता जवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, एक सांगू? ह्या आवारातली कुठली तरी चिमूटभर उचला आन् न्या. नानांना काय कळतंय आता?"

मुरलीधरनं विचार केला नाही असं नाही. केला. चांगला घटकाभर केला.

"लावताना ते माझ्याकडं बघतील रे," तो शेवटी म्हणाला. "मला नाही जमायचं."

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, जमीन झाली. पुन्हा नळी लावली, पुन्हा सुतळ्या ताणल्या. मोरीकडं पाणी जायला बोटभर ढाळ ठेवला होता, बाकी सगळी जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत एक. ज्या जागी खळगा होता तिथं मुरलीधरनं ताट ठेवलं आणि त्यात काठोकाठ पाणी भरलं. चारी बाजूंना पाणी काठाला सारखं टेकलं. एक थेंब सांडला नाही.

"अगं बया!" अंजीराबाई म्हणाली. "ढलपीशिवाय!"

चार दिवसांत पहिल्यांदा मुरलीधरला हसू आलं. पाठ मोडली होती, हातांना फोड होते, पण काम असं झालं होतं की दृष्ट लागावी.

"बाबा! झाली सपाट. आता चला. समाधी दाखवा."

बाबा आत आले. नव्या जमिनीवर हळूहळू चालत, पाय चाचपत, ताटापाशी गेले. ताट उचलून त्यांनी अंजीराबाईच्या हातात दिलं, आणि ते होतं त्या जागेसमोर मांडी घालून बसले.

"हितनं माती काढलीस, ती कसली हुती रं?"

"खारी, बाबा. मिठानं भरलेली. चाळीस घमेली निघाली. एवढं मीठ आलं कुठून, अजून कळलं नाही."

बाबा जमिनीवरून हात फिरवत होते.

"गोसाव्याला बसिवत्यात तेव्हा भवतीनं मीठ भरत्यात," ते म्हणाले. "गळ्यापातूर. मग माती."

बाबांचा हात ताटाच्या जागी थांबला.

"तीन पोती लागलं हुतं. मीच घातलं."

अंजीराबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. पाणी सगळीकडं उडालं, आणि संथपणे मोरीकडं निघालं.

मुरलीधरला आधी काही कळलंच नाही. कळायला लागलं ते पायांतून. आपण कशावर उभे आहोत, ते पायांना आधी कळलं, आणि तो असा मागं सरकला की भिंतीवर आदळला.

"इथं…? स्वयंपाकघरात?"

"तवा हितं उघडं अंगण हुतं. महाराज म्हणालं, मला बसवा आन् वर चूल मांडा. देऊळ नको, दगड नको. माणसं जेवू देत, वरनं चालू देत. कुणाला सांगू नकोस म्हणालं."

"आन् मी!" अंजीराबाई किंचाळली. "मी हितं खरकटं सांडलं! भांडी घासली! सव्वीस वर्षं, बाबा! चिडून पाय आपटला ह्या खळग्यात! सांगायचं न्हाई व्हय? एका शब्दानं सांगायचं न्हाई?" ती तिथंच बसली आणि कपाळ जमिनीला टेकून हमसून रडायला लागली.

"जेवाण चांगलं केलंस तू," बाबा म्हणाले.

धप्… धप्… मुरलीधरच्या कानांत नुसता धुम्मस वाजत होता. दोन दिवस. सगळा जोर लावून. बापाच्या गुरूच्या डोक्यावर.

"मी धुम्मस घातला," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही बघत होतात. मला थांबवलं का नाही?"

"थांबिवलं असतं तर जमीन कच्ची ऱ्हायली असती. अंजीरीचा दुसरा पाय भाजला असता."

मुरलीधर गुडघ्यांवर आला. घड्याळात साडेअकरा झाले होते आणि सांगलीत नाना दाराकडं बघत होते. चिमूटभर माती. आता जागा मिळाली होती. त्यानं जमिनीवरचा तांबडा चुरा गोळा करायला हात घातला.

"तो तुझा मुरूम हाय," बाबा म्हणाले. "खाणीतला. त्यांचं खाली हाय. उकर."

बाबांनी कोपऱ्यातली कुदळ आणून त्याच्या हातात दिली. "उकर की. तुझाच धंदा हाय."

मुरलीधरनं कुदळ धरली. तीन दिवसांमागं ह्याच जागी त्यानं गुडघाभर खणायला लावलं होतं. आता त्याला ती खांद्यापर्यंत उचलवेना. दोनदा उचलायला गेला, दोनदा हात खाली आले. तिसऱ्यांदा कुदळ हातातून सुटली.

आणि तेव्हा त्याला आठवलं.

"चाळीस घमेली… हणमंता! ती माती!"

तो धावत सुटला. अनवाणी, तसाच, पडवीतून, अंगणातून, फाटकाकडं.

चाकोरीत माती होती. म्हणजे होती असं म्हणायचं. चार दिवस गाडी तिच्यावरून गेली होती. मुरमाचा ट्रॅक्टर गेला होता, गुरं गेली होती. दगड, शेण, तेलाचा डाग, टायरची नक्षी, सगळं एक झालं होतं. मीठ होतं म्हणून त्या रणरणत्या उन्हातही तिथं चिखल होता. मुरलीधर त्या चिखलात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि दोन्ही हातांनी उपसायला लागला. हातात येत होतं ते शेण. बाजूला टाकलं. पुन्हा उपसलं, काळं तेल. पुन्हा… यातली कुठली चिमूट न्यायची? कुठली कपाळाला लावायची? 'ही घाण काहीतरी कामाला येईल'… हे आपणच म्हणालो होतो. ह्याच तोंडानं.

हणमंता लांब उभा होता. त्याची जवळ यायची छाती झाली नाही.

खिशातला फोन वाजला. शैला होती.

"शुद्धीवर आहेत अजून. लवकर या. मिळाली का माती?"

मुरलीधरला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. त्यानं फोन तसाच बंद केला.

मग तो परत आला. हात रिकामे. त्याची सगळी ऐट कुठं गेली होती कुणास ठाऊक. पडवीजवळ हौद होता, आणि सवयच ती, पाय आपसूक हौदाकडं वळले. त्यानं तांब्या भरून घेतला.

"तांब्या ठेव," बाबा उंबऱ्यातून म्हणाले.

"आत येतो, बाबा. पाया पडतो, आणि जातो. नानांना खरं ते सांगतो… की मी ती माती चाकाखाली घातली."

"आत येऊ नकोस. पाय बघ."

मुरलीधरनं खाली बघितलं. घोट्यापर्यंत चिखलाचे पाय. उन्हानं वरचा चिखल वाळत आला होता, आणि वाळला होता तिथं पांढरा होत चालला होता. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, टाचेच्या भेगांत. भेगांत मीठ झोंबत होतं.



"पायाची…?" तो म्हणाला. "बाबा, बापाच्या कपाळाला मी माझ्या पायाची माती लावू?"

बाबांनी मुंडासं डोक्याला गुंडाळलं. सावकाश, एकेक वेढा. आत अंजीराबाई डोळे पुसत उठली होती आणि सांडलेलं पाणी फडक्यानं टिपत होती. त्या जागेपाशी तिचा हात थांबला, मग तिनं तीही जागा टिपली.

मुरलीधर तसाच उभा होता. तांब्या त्यानं हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"सोमवारी टाइल्स घालायला ये," बाबा म्हणाले. "आन् ओढ्यात पाय धुऊ नकोस."